शिवलेली पुरचुंडी

सगुणाने पिशवीची चेन ओढून टोकापर्यंत नेली आणि धोंडुबाईने तिच्या हातातून पिशवी घेऊन ती पुन्हा उघडली. बाहेर ग्रामपंचायतीचा भोंगा तिसऱ्यांदा तेच सांगत होता. तीनच्या उधाणाआधी सगळ्यांनी डांबरी रस्त्यावर यायचे होते. पेणहून टेम्पो आले होते. सामान भरत बसायचे नव्हते. अंगणातले पाणी उंबऱ्याखालच्या दगडाला टेकले होते आणि ते पावसाचे नव्हते, खाडीचे होते. खाडी अडवणाऱ्या बांधाला सकाळीच दोन ठिकाणी खांड पडली होती. घरटी एक माणूस चिखल टाकायला बांधावर गेला होता. या घरातून जाणारे कोणी नव्हते. सगुणाचा नवरा जगन रोह्याला कंपनीत होता आणि सासरा चार वर्षांपूर्वीच गेला होता.

धोंडुबाईने पिशवीत हात घालून एक प्लॅस्टिकची घडी वर काढली. आतला हिरवा खण बाहेरूनही दिसत होता.

"हे हितं कशाला?"

"बाईंनी सांगितलेलं ना, ज्याची त्याची एकेक वस्तू. तुमची मिसरीची डबी पण घातली हाय."

मागच्या पुरानंतर तालुक्याहून एक बाई आल्या होत्या. शाळेच्या पडवीत त्यांनी तांबडखारच्या बायकांना सतरंजीवर बसवून आणीबाणीची पिशवी म्हणजे काय ते समजावले होते. घराचे कागद, दागिने, औषधे, बॅटरी, चणे-गूळ. पिशवी दाराजवळच्या खुंटीला कायम टांगलेली असावी आणि घरातल्या धडधाकट बाईने ती सांभाळावी, असे त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी असेही सांगितले की, परक्या जागी माणूस घाबरते, म्हणून प्रत्येकाने मनाला धीर येईल अशी एक लहानशी वस्तू बरोबर घ्यावी. तेव्हा पडवीत हशा पिकला होता. पलीकडच्या घरातली ठमाबाई उठून म्हणाली होती की, तिचा धीर रोज संध्याकाळी गुत्त्यावर बसलेला असतो, त्याला पिशवीत कोंबायचा तर दोन माणसे लागतील. त्या बाईही हसल्या होत्या. सगुणा मात्र घरी येऊन बराच वेळ ट्रंकेसमोर बसली होती. मग तिने तळाशी ठेवलेली कुंची काढून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत घातली होती. ती कुंची तिच्या आईने माहेराहून, निडीहून शिवून पाठवली होती. ती जिच्यासाठी होती ती पोर चार महिने जगली.

दोन वर्षे ती घडी पिशवीत होती आणि धोंडुबाईने तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

आता तिने घडी सगुणाच्या हातात दिली आणि ती चुलीकडे गेली. चुलीवरच्या शिंकाळ्यातून तिने पुरचुंडी खाली काढली. ही पुरचुंडी मांजरपाटाच्या दुहेरी कापडाची होती आणि चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी शिवलेली होती. तिच्यात सगुणाच्या वडिलांनी घातलेल्या दोन पाटल्या, लग्नातली ठुशी आणि धोंडुबाईची स्वतःची पोत होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळे सोने सासूकडे गेले होते. त्यांच्या खालच्या आळीत तशीच रीत होती. पिशवीची टूम निघाल्यावर धोंडुबाईने ते शिवून टाकले आणि सुनेला सांगितले की, घर सोडायची वेळ आली तरच हे खाली काढायचे, तोवर चुलीच्या धगीवर राहू दे. आणि काही झाले तरी शिवण उसवायची नाही. चूल सारवताना सगुणा कधीमधी ती हातात घेऊन तोलून पाहायची. कापडावरून बोटे फिरवत आतला कठीण, टोकदार भाग म्हणजे ठुशीचा फासा असणार, हा गोलसर म्हणजे पाटली, असे ती मनाशी ठरवायची. तेवढा वजनदार गोळा हातात आला की तिला बापाच्या घराचा ओटा आठवायचा.

"सोनं आत जातंय," धोंडुबाई म्हणाली. "गेलेल्या जिवाची वस्तू सोन्याला लावत नाय."

"प्लॅस्टिकमंदी हाय, आई. लागायची नाय."

"विटाळ काय प्लॅस्टिकला भितो?"

सगुणा घडी हातात धरून उभी राहिली. तिने ती पदरात बांधायला घेतली तेव्हा धोंडुबाई तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली की, पिशवीही तूच नेणार आहेस, म्हणजे झाले तेच. सकाळपासून दोघींच्या पोटात काही नव्हते, आणि उंबऱ्याच्या फटीतून पाण्याची पहिली जीभ आत आली होती. सगुणा शिडीच्या दोन पायऱ्या चढली. माळ्यावर पापडाचा पत्र्याचा डबा होता. पापड बाजूला सारून तिने घडी त्यात ठेवली, झाकण घट्ट बसवले आणि डबा आढ्याच्या बाजूला सरकवला. खाली उतरली तेव्हा पुरचुंडी पिशवीत गेलेली होती आणि धोंडुबाई पायातल्या चपला काढून हातात घेत होती.

रस्ता पाऊण मैल होता. त्यातला अर्धा मिठागरांमधून जायचा आणि तिथे आता आगरे कुठली, वाट कुठली, काहीच कळत नव्हते. कमरेपर्यंतच्या पाण्यात बायका एकमेकींचे हात धरून चालल्या होत्या. सगुणाने पिशवी डोक्यावर घेतली होती आणि उरलेल्या हाताने सासूचे मनगट धरले होते. बांधातून पाणी सोडायच्या दारापाशी, उघाडीजवळ, पाण्याला ओढ होती. तिथे धोंडुबाईचा पाय निसटला. तिला सावरताना सगुणा गुडघ्यावर गेली आणि डोक्यावरची पिशवी पाण्यात पडली. तिने सासूला सोडले नाही. पिशवीचा पट्टा पायाच्या अंगठ्यात अडकला होता म्हणून ती वाहून गेली नाही. पण वर काढेपर्यंत ती आतबाहेर भिजली होती. मागून येणाऱ्या ठमाबाईने सासूचा दुसरा दंड पकडला. ठमाबाईने घरातला होता नव्हता तो सगळा दागिना अंगावर घातला होता, नथसुद्धा. टेम्पोत चढल्यावर ती म्हणाली की, आपल्याला पाहून ड्रायव्हरला वाटले असेल वरातच निघाली आहे, नवरदेव तेवढा बांधावर चिखल टाकतोय. भिजलेल्या बायका हसल्या. धोंडुबाई हसली नाही. ती सगुणाच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होती. पिशवीच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होते.

पेणला शाळेच्या सभागृहात त्यांची सोय केली होती. चहा मिळाला, चटया मिळाल्या. संध्याकाळी बांधावरची काही माणसे आली आणि त्यांच्याबरोबर घरांच्या बातम्या आल्या. केरू हा त्यांच्याच आळीतला. तो भिंतीला टेकून उभ्याउभ्याच सांगत होता, कोणाची कौले गेली, कोणाचे गोठे. सगुणाच्या घराशी आल्यावर तो तिच्याकडे वळला.

"तुमची मागची भिंत बसली, वयनी. माळा सगळा पाण्यात आला. रस्सी टाकून बघितली आम्ही, पण भांडीकुंडी व्हती ती खाडीला लागली."

"डबा दिसला का? पत्र्याचा?"

"डबे लय गेले," केरू म्हणाला.

सगुणाने मान हलवली. मग ती सासूसाठी चटई अंथरू लागली. चटई अंथरून झाल्यावर तिने ती पुन्हा उचलली, झटकली आणि परत त्याच जागी अंथरली. धोंडुबाई आडवी झाली आणि तिला लगेच डोळा लागला.

पिशवीतले कागद वाळवायला हवे होते. सगुणाने सभागृहाच्या कोपऱ्यात एकेक कागद सुटा करून खिडकीच्या कट्ट्यावर पसरला. रेशनकार्ड, सातबारा, जगनचे कंपनीचे पत्र. चण्यांचा चिखल झाला होता. मिसरीच्या डबीत पाणी गेले होते. सगळे काढून झाल्यावर तिने पुरचुंडीला हात घातला. एवढे तरी आणले, असे तिच्या मनात आले होते. आणि त्याच वेळी हाताला कळले की पुरचुंडी हलकी झाली आहे.

तिने ती दोन्ही हातांत घेतली. कापड ओले होते, मऊ पडले होते, आणि एरवी मूठ भरून उरणारा गोळा बसून गेला होता. आत कुठेतरी दोनचार बारीक खडे सरकत होते. तिने शिवण तपासली, चारी बाजू बोटांनी चाचपल्या. एकही टाका उसवला नव्हता. पाटल्या टाक्यांमधून वाहून जात नाहीत, हे तिला समजत होते. तरीही उघाडीजवळचे ते पाणी, गुडघ्यावर गेलेली ती स्वतः, आणि उद्या जगनला तोंड देताना काय सांगायचे, एवढेच तिला दिसत होते. सोने तिच्या हातून गेले होते. सासू झोपली होती. शेजारी कोणाचे लक्ष नव्हते. तिने ब्लाउजची सेफ्टी पिन काढली आणि एका कोपऱ्याचे चार टाके उसवले.

पहिल्यांदा पाणी आले. मग तिच्या तळहातावर तीन-चार खडे पडले, हरभऱ्याएवढे, कडा विरघळून गोल झालेले. एक तिने जिभेला लावला. त्या दिवशी सगळ्याच गोष्टींना खारट चव होती, अंगावरच्या लुगड्यालासुद्धा. पण सगुणाने लग्नानंतर सलग अकरा हंगाम आगरात काढले होते. खाडीचे पाणी वाळून राहिलेली खर आणि वैशाखातल्या उन्हात धरलेला खडा यांतला फरक तिला डोळे मिटूनही कळला असता. हे त्यांच्याच आगरातले जाडे मीठ होते.

आता तिला चुलीवरचे शिंकाळे आठवले. मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते. सोन्याला कसली आलीय ओल?

तरीसुद्धा तिचे मन सरळ वाटेने गेले नाही. तिला आधी वाटले, म्हातारीला कोणीतरी फसवले आहे. शिवायला घेतले त्या दिवशी घरात कोण कोण आले होते, ते ती आठवू लागली. सासूला हे कळले तर ती छाती पिटून घेईल, भरल्या सभागृहात तमाशा होईल, ब्लडप्रेशरच्या गोळ्या तर विरघळून गेल्या आहेत. तिने खडे पुन्हा आत घातले आणि तो कोपरा पिनेने बंद केला. जगन आला की आधी त्याला एकट्याला सांगायचे, असे तिने ठरवले. दोष आपल्यावर आला तर येऊ दे. पण म्हातारीला हळूहळू सांगायला हवे.

जगन सकाळी आला. रात्रपाळी करून तो रोह्याहून पहिल्या एसटीने निघाला होता. त्याचे डोळे लाल होते आणि हातात बिस्किटांचे पुडे होते. आसपासच्या घरांतलेही पुरुष येत होते आणि प्रत्येकजण येताच बायकोच्या गळ्याकडे, कानांकडे बघून घेत होता. ठमाबाईच्या नवऱ्याने तर तिची नथ मोजल्यासारखी पाहिली. त्यावर, सगळी आहे रे बाबा, तूच तेवढा कमी होतास, असे ती म्हणाली. जगनने आईच्या पायांना हात लावला. मग कागदांची चौकशी केली. सातबारा फाटला का, कंपनीचे पत्र वाचता येते का, गोळ्यांची चिठ्ठी कुठे आहे, दुकान कितीला उघडेल. घराची भिंत बसल्याचे ऐकले. कौलांचे विचारले. गोठ्याचे विचारले.

सगुणा वाट पाहत होती. त्याचे सगळे विचारून झाले आणि तो बिस्किटाचा पुडा फोडू लागला, तेव्हा ती म्हणाली,

"सोनं भिजलं."

"भिजू दे. सोन्याला काय व्हतंय."

हे त्याने पुडा फोडता फोडता, वर न बघता सांगितले. मग वर पाहिले, तेही तिच्याकडे नव्हे, आईकडे. धोंडुबाईने डोळ्यांनी त्याला काहीतरी खुणावले आणि लगेच पदर सारखा केला. पाहायला गेले तर त्यात काहीच नव्हते. पण अकरा वर्षे ज्या दोन माणसांना ताटे वाढली त्यांच्या नजरा सगुणाला ओळखता येत होत्या.

तिने पुरचुंडी काढून दोघांच्या मधोमध चटईवर ठेवली. पिन काढून कोपरा उलटा केला. दोन खडे आणि थोडे पाणी खाली आले.

जगनने बिस्किटाचा पुडा बाजूला ठेवला. कोणी ऐकते आहे का हे पाहण्यासाठी त्याने इकडेतिकडे पाहिले. धोंडुबाईने मात्र मान खाली घातली नाही.

"शांतीकडं हाय," ती म्हणाली. "रोह्याला. दोन साल झाली."

शांती म्हणजे जगनची धाकटी बहीण. तिचे घर उंचावर, स्लॅबचे होते. सोने तिथे सुरक्षित राहील, असे जगन आता सांगू लागला. पुराचा काय भरवसा, तुला सांगणारच होतो, पण राहून गेले, असेही तो म्हणाला. तो बराच वेळ बोलत होता. सगुणाने त्याच्याकडे पाहिले नाही. ती सासूकडे पाहत होती.

"मला सांगितलं असतं तर मी काय नाय म्हटलं असतं?"

"तुला कशाला सांगायचं गो?" धोंडुबाईचा आवाज चढला नाही, भाजीचा भाव सांगावा तशी ती बोलत होती. "तुझं हितं काय गुतलंय? पोर नाय, बाळ नाय. हा तिकडं रोह्याला. मनात आलं तर उद्या निडीच्या गाडीत बसशील. पाटल्या हातात असल्या तर आजच बसशील. तालुक्याची ती बाई सांगून गेली, पिशवी सुनेच्या हातात द्या. दिली. तिला काय जातंय सांगाया?"

"आई, गप," जगन म्हणाला.

सगुणाने चटईवरचा एक खडा उचलला, तळहातावर ठेवला. तो आता बराच लहान झाला होता.

"मग कुंची का काढली?" तिने विचारले. "मिठाला कसला विटाळ?"

सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी पोहे वाटत होते आणि रांगेत ताटल्या वाजत होत्या.

"नाय काढली असती तर तुला संशय आला असता," धोंडुबाई म्हणाली.

तिने ते खोटे सांगितले नव्हते. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. आणि कदाचित त्यामुळेच तिने पहिल्यांदा नजर वळवली. जगनला कशाबद्दल चालले आहे ते नीट कळले नाही. कसली कुंची, असे त्याने विचारले. सगुणा उठली, रांगेत उभी राहिली आणि तिघांचे पोहे घेऊन आली. एक ताटली तिने सासूपुढे ठेवली, एक नवऱ्यापुढे. तिसरी खिडकीच्या कट्ट्यावर कागदांशेजारी ठेवली आणि ती कागद उलटे करू लागली, म्हणजे दुसऱ्या बाजूने वाळतील.

दुपारच्या गाडीने जगन परत गेला. रविवारी सुट्टी काढतो आणि भिंतीचे बघतो, असे त्याने सांगितले. शांतीला सांगून तुझ्या पाटल्या तुला आणून देतो, असेही तो फाटकाशी म्हणाला. सगुणाने त्याला गोळ्यांची चिठ्ठी दिली. दुकान उघडल्यावर तो गोळ्या घेऊन आला, आणि मगच एसटी स्टँडकडे गेला. तो वाईट माणूस नव्हता.

दोन दिवस त्या दोघी तिथे राहिल्या. बोलणे झाले ते कामापुरते. सगुणाने सासूचे पाय चेपले, तिला वेळेवर गोळ्या दिल्या, नवी मिसरी मागून आणून दिली. धोंडुबाईने रिकामी पुरचुंडी धुऊन दोरीवर वाळत घातली होती. ठमाबाईने एकदा सगुणाला बाजूला घेऊन विचारले की, दोघींचे काही झाले आहे का. घरची भिंत बसली आहे, दुसरे काय होणार, असे सगुणा म्हणाली. त्यावर ठमाबाईने तिला नथीच्या आडून बराच वेळ न्याहाळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्याचा निरोप आला. शाळेच्या आवारात टेम्पो लागले. वाळलेले कागद सगुणाने क्रमाने पिशवीत घातले, रेशनकार्ड सगळ्यात वर. गोळ्या आणि डबी बाहेरच्या कप्प्यात ठेवली. आपला शाळा सोडल्याचा दाखला तिने त्या कागदांतून काढून चौकोनी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. मग सासूच्या दंडाला धरून ती टेम्पोपर्यंत आली. मागच्या फाळक्याशी विटा रचून पायरी केली होती. सगुणाने सासूचा पाय धरून विटेवर ठेवला, पाठीला आधार देत तिला वर चढवले आणि पिशवी तिच्या हातात दिली.

कोतवाल यादी घेऊन उभा होता. तो घरागणिक नावे वाचून खूण करत होता.

"तांबडखार, खालची आळी. धोंडुबाई. माणसं दोन."

"एक लिवा," सगुणा म्हणाली.

कोतवालाने मान वर करून तिच्याकडे पाहिले, मग टेम्पोतल्या म्हातारीकडे. धोंडुबाईने जागा धरण्यासाठी शेजारी ठेवलेली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली. शेजारची फळी मोकळी झाली. मागच्या रांगेतल्या बायका पुढे सरकत होत्या, पोरांना वर देत होत्या. सगळ्या चढून झाल्या. ड्रायव्हरने इंजिन सुरू केले आणि खिडकीतून ओरडून विचारले, झाले का.

सगुणाने खाली पडलेला फाळका दोन्ही हातांनी उचलून सरळ केला, आणि बाहेरून त्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्या लावल्या.